सात फाशांचा संच : नऊ महिन्यांच्या मोहिमेनंतरचा अनुभव

जूनमध्ये रोलप्लेइंग खेळासाठी हा संच ३४९ रुपयांना मागवला आणि पहिल्या महिन्यानंतर मी त्याला पाचपैकी साडेचार गुण सहज दिले असते. नोव्हेंबरात त्याला एक गुण देण्याचीही माझी तयारी नव्हती. आज २७ बैठका झाल्यानंतर माझे मत पुन्हा थोडे बदलले आहे. तरीही हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या संचातल्या एका फाशामुळे आमची मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी खेळातली एकच गोष्ट, मोडण्याच्या बेतात आली होती, आणि तो दोष खरेदीपूर्वी फोटो नीट पाहिला असता तर तेव्हाच लक्षात आला असता.

आम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या घरी, रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतो. या खेळात प्रत्येक जण एक पात्र होऊन गोष्टीत उतरतो आणि त्याचे यश-अपयश फाशांवर ठरते. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रू चालवणारा, मी आहे आणि खेळाडू चार आहेत. पेठेतल्या संघाचा शाहू स्टेडियमवर सामना असला की दोघे गैरहजर असतात, त्यामुळे फुटबॉलच्या हंगामात बैठका कमी होतात. नियमांवर मी पैसे खर्च केलेले नाहीत. पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा असलेला एसआरडी ५.१ हा दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. त्यातली लागणारी पाने छापून मी स्पायरल बाइंडिंग करून घेतली. त्यात प्रत्येक क्लासची, म्हणजे योद्धा, जादूगार अशा पात्राच्या प्रकाराची, एकच शाखा दिलेली आहे, पण पहिल्या मोहिमेला तेवढे पुरते. नकाशे आलेख कागदावर काढतो, एक चौकोन म्हणजे पाच फूट. गॉब्लिन या छोट्या राक्षसांसाठी चिंचोके आणि ओगर या मोठ्या राक्षसासाठी सुपारी वापरतो. गोष्टीतल्या तळघराचा आराखडा पन्हाळ्याच्या अंधारबावेवरून सुचला आहे, कारण तीन मजली विहीर, तिच्या भिंतीतल्या खिडक्या आणि खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या पाहिल्यावर वेगळे काही शोधावेसे वाटले नाही. एकूण काय, पैसे मोजून आणलेली वस्तू म्हणजे हे फासे, आणि म्हणूनच त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त होती.

इतर सहा फाशांबद्दल थोडक्यात सांगतो. चार बाजूंच्या फाशाची टोके बोटांना टोचतात, पण ते त्या आकाराचेच आहे. सहा बाजूंच्या फाशावरचा रंग पावसाळ्यातल्या दमटपणामुळे की सततच्या हाताळणीमुळे कोण जाणे, ऑक्टोबरपर्यंत पुसट झाला. बारा बाजूंचा फासा आमच्या बार्बेरियनच्या, म्हणजे रानटी योद्ध्याच्या, कुऱ्हाडीखेरीज फारसा बाहेर निघत नाही. पाचव्या लेव्हलला विझार्डला, म्हणजे जादूगाराला, फायरबॉल हा मंत्र मिळाल्यावर सहा बाजूंचे आठ फासे लागू लागले. संचात एकच असल्यामुळे जुन्या लुडो आणि सापशिडीच्या डब्यांतून बाकीचे जमवले. यातल्या कशाबद्दलही माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वीस बाजूंच्या फाशाबद्दल. घाव लागला की चुकला हे त्याच्यावर ठरते आणि आकडा जितका मोठा तितका चांगला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मंडळी तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर ओगरसमोर उभी होती. ओगरचे हिट पॉईंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, ५९ असतात आणि तो निदान तीन फेऱ्या टिकेल, असा माझा अंदाज होता. बार्बेरियन खेळणाऱ्या माझ्या मावसभावाने रेकलेस अटॅक जाहीर केला, म्हणजे प्रत्येक घावाला दोन रोल आणि त्यातला मोठा धरायचा, आणि दोन फेऱ्यांत त्याला तीन वेळा २० पडले. ओगर दुसऱ्या फेरीतच कोसळला. सगळे ओरडत असताना विझार्ड खेळणारी शेजारची मुलगी, जी इंजिनिअरिंगला आहे, फासा उचलून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहत होती. ती म्हणाली, "दादा, यात वीसच्या शेजारी एकोणीस आहे. माझ्या फाशावर तसं नाही." मावसभावाचा चेहरा क्षणात उतरला. "म्हणजे मी लबाडी करतोय असं म्हणायचंय व्हय तुला?" एवढेच बोलून तो उठला आणि पुढचे दोन रविवार आला नाही.

त्या रात्री मी दोन्ही फासे शेजारी ठेवून एकेक बाजू तपासली. खेळण्यासाठी घडवलेल्या नेहमीच्या वीस बाजूंच्या फाशावर २० ला चिकटून २, ८ आणि १४ असतात, १ ला चिकटून ७, १३ आणि १९ असतात, आणि समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१ येते. मोठे आणि लहान आकडे असे मुद्दाम विखुरलेले असतात. आमच्या फाशावर मात्र २०, १९, १८, १७ असे आकडे एकमेकांना लागून उतरत जातात, त्यामुळे सगळे मोठे आकडे एका अर्ध्या भागात गोळा झाले आहेत. अशा फाशाला स्पिन-डाउन म्हणतात. मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात प्रत्येकाकडे सुरुवातीला २० लाइफ असतात, आणि त्या एकेक कमी होत गेल्या की बोटाने पुढची बाजू वर आणायची, यासाठी ती मांडणी सोयीची आहे. मोजणीसाठी केलेली वस्तू आम्हाला फासा म्हणून विकली गेली होती.

येथे मला माझे पहिले मत बदलावे लागले. फासा वजनाला सारखा असेल आणि नीट लोळत असेल, तर आकडे कुठल्या क्रमाने छापले आहेत याने काहीही फरक पडत नाही, प्रत्येक बाजूची शक्यता पाच टक्केच राहते. म्हणून केवळ मांडणीवरून फाशाला खोटा ठरवणे योग्य नव्हते. पेलाभर पाण्यात विरघळेल तेवढे मीठ घालून त्यात फासा तरंगत ठेवला. पाणी पुरेसे खारट झाल्याशिवाय तो वर येत नाही आणि मीठ वाटते त्यापेक्षा बरेच लागते. टिचकी मारून सोडल्यावर जड बाजू खाली जाऊन तोच आकडा वारंवार वर आला, तर आत पोकळी आहे असे समजावे. आमच्या फाशात तसे काही दिसले नाही, दर वेळी वेगळा आकडा वर येत होता.

मग तीन संध्याकाळी बसून मी रोल मोजले. मावसभाऊ टाकतो तसाच, टेबलापासून वीतभर उंचीवरून, बोटांतून घसरवत, ४०० वेळा टाकला. ११ ते २० हे आकडे २०० च्या आसपास यायला हवे होते, ते २३१ वेळा आले. एवढ्या रोलमध्ये दहा-वीसचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो, ३१ चा पडणे अवघड आहे. तोच फासा स्टीलच्या पेल्यात खडखडवून ४०० वेळा ओतला तेव्हा २०७ आले. विझार्डचा नेहमीचा फासा तशाच हलक्या हाताने ४०० वेळा टाकला तेव्हा २०३. याचा अर्थ असा, की फासा एकटा दोषी नव्हता आणि मावसभाऊ तर मुळीच नव्हता. उचलताना २० वर दिसला की तो तसाच हातात धरायची सवय कोणालाही लागते, आणि फासा पुरता न लोळता थांबला की तो त्याच अर्ध्या भागावर थांबतो. नेहमीच्या फाशावर त्या भागातही २ आणि ८ असतात. स्पिन-डाउनवर तेथे फक्त मोठे आकडे असतात.

याला मी इतके महत्त्व का देतो, असे काही वाचकांना वाटेल. ४०० रोलमध्ये २०० च्या जागी २३१ म्हणजे मोठा आकडा पडण्याचे प्रमाण ५० टक्क्यांवरून जवळजवळ ५८ टक्क्यांवर गेले, आणि या खेळात एका आकड्याची किंमत पाच टक्के असते. मी ज्या +१ तलवारीसाठी, म्हणजे रोलमध्ये एक मिळवून देणाऱ्या तलवारीसाठी, मंडळींना दोन बैठका तळघरात फिरवले, तिच्यापेक्षा मोठा फायदा हा फासा पहिल्या दिवसापासून फुकट देत होता. प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे पात्राच्या कौशल्यासाठी रोलमध्ये मिळवायचा आकडा, +२ वरून +३ होण्यासाठी पाचव्या लेव्हलपर्यंत पोचावे लागते. डीएमचे सगळे नियोजन, म्हणजे कोणता शत्रू किती फेऱ्या टिकेल, कोणाला माघार घ्यावी लागेल, हे याच हिशोबावर उभे असते. त्याहून मोठी गोष्ट अशी की, फाशावर सगळ्यांचा सारखा विश्वास असेल तरच खेळाडू आपल्या पात्राचा मृत्यूही मान्य करतो. तो विश्वास आमच्या टेबलावरून दोन रविवार नाहीसा झाला होता.

विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार मनस्ताप देणारा होता. पहिले उत्तर आले, की परत करण्याची दहा दिवसांची मुदत संपली आहे. दुसरे आले, की फाशावर १ ते २० हे सर्व आकडे असल्यामुळे वस्तू सदोष मानता येत नाही. वर्णनात 'रोलप्लेइंग खेळासाठी' असे शब्द आहेत, हे त्याच पानाच्या फोटोसह दाखवल्यावर १९ दिवसांनी दुसरा संच आला. त्यातला फासाही स्पिन-डाउनच निघाला. पैसे परत मिळाले नाहीत. शेवटी एका खेळाडूने पुण्याहून येताना एकच नेहमीचा फासा ७० रुपयांत आणला. हेच मी जूनमध्ये केले असते, तर बाकीचे सहा फासे घरातल्या डब्यांतून आणि सुट्या खरेदीतून जमले असते.

ज्यांना हा संच घ्यायचाच आहे त्यांनी विक्रेत्याकडे २० हा आकडा वर असलेला फोटो मागावा. २० ला लागून २, ८, १४ दिसले तर घ्यावा, १९ दिसला तर घेऊ नये. आधीच घेतला असेल तर पेला वापरावा, आणि डीएमनेही आपले रोल पडद्याआड न करता सर्वांसमोर टाकावेत. मी डिसेंबरपासून तसेच करतो आहे. त्यामुळे दोन वेळा माझे महत्त्वाचे शत्रू अकाली मेले, तरी मला हीच पद्धत बरी वाटते. संचाला आज पाचपैकी अडीच गुण देतो, त्यातले दोन इतर सहा फाशांचे आहेत.

मावसभावाकडे मी कागद घेऊन गेलो होतो. तिन्ही तक्ते त्याने शांतपणे वाचले, २३१ वर बोट ठेवले आणि विचारले, "पेल्यात टाकला तर?" मी दुसरा तक्ता दाखवला. पुढच्या रविवारी तो घरचा पितळी पेला घेऊन आला. स्पिन-डाउन फासा आता त्याच्याच समोर असतो. रेज, म्हणजे बार्बेरियनचा युद्धातला संताप, सुरू झाली की तो १० हा आकडा वर ठेवतो आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी बोटाने एक बाजू पुढे सरकवतो, ९, ८, ७. मिनिटभराच्या रेजच्या दहा फेऱ्या पूर्वी कोणाच्याच लक्षात राहत नसत. आता त्या राहतात.