०९ नं सुरू होणारं बिल आणि माझे ३,७५,५०० रुपये

दाजी म्हणत होते, ओळखीतलं चालतं हॉटेल विकायला निघालंय, घेऊन टाक. मीच नको म्हणालो. चालता धंदा घेतला की आधीच्या मालकाची जीएसटीची थकबाकीही गळ्यात येते, कायद्यात कलम ८५ आहे, असं वर त्यांनाच ऐकवलं. नवं दुकान टाकायचं तर वर्ष गिऱ्हाईक जमवण्यातच जाणार. म्हणून चहाची फ्रँचायझी. सगळ्यात बिनधोक म्हणे!

फी २ लाख, वर १८ टक्के जीएसटी, झाले २,३६,०००. मशीनचा ॲडव्हान्स १,१५,०००. 'जागा मंजुरी' २४,५००. यातले दीड लाख वडिलांनी लातूरला आडतीवर सोयाबीन घातलं, त्याचे. गाळ्याचं डिपॉझिट ६०,००० वेगळंच.

वेबसाइट हुबेहूब मोठ्या ब्रँडची. निघाली बनावट, पैसे बुडाले.

जीव जळतो तो त्या बिलापायी. हार्डवेअरच्या दुकानात मी अकरा वर्षं बिलं फाडलीत. महाराष्ट्राचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होतो, हे झोपेतही सांगेन. ऑफिस म्हणे पुण्यात आणि बिलावर ०९, म्हणजे उत्तर प्रदेश. मी त्यावर बोट ठेवलं, बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, मग विचारा की." विचारलं. "सर, बिलिंग नोएडातून होतं." आणि मला पटलं! जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की फर्मचं नाव दिसतं, फुकट. मी टाकला पैसे गेल्यावर. कुण्या सॅनिटरीवाल्याचा निघाला. खातंही एका माणसाच्या नावावर. कंपनीचे पैसे माणसाच्या खात्यात भरू नका, कुणी काहीही सांगो. पण मी अगदीच येडा नव्हतो हो. पाचशेच्या बाँडवर करार, शिक्का, व्हिडिओ कॉलवर टाय लावलेला मॅनेजर, सगळं होतं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला नवव्या दिवशी. तुम्ही त्याच तासाला करा. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, "करार आहे ना? मग दिवाणी मामला, वकील बघा." अहो, करारच खोटा, त्यात दिवाणी काय? बँक म्हणते, आरटीजीएस तुम्हीच केलं. पाच चकरा झाल्या, दर वेळी त्याच कागदांचा नवा सेट, झेरॉक्सलाच ३४० गेले. एक हवालदार हसत म्हणाला, "शिकलेले दिसता की." फ्रँचायझीसाठी आपल्या देशात वेगळा कायदाच नाही, हेही मला वकिलाला दीड हजार मोजून कळलं.

ते हॉटेल शेवटी दाजींनीच घेतलं, जीएसटीचे कागद सीएकडून तपासून. सकाळी मी तिथंच चहाला जातो. दाजी पैसे घेत नाहीत, त्याचाच जास्त राग येतो.