पंचगंगेवर मासेमारीसाठी घेतलेली कयाक
प्रयाग चिखलीच्या संगमाखाली, जिथे राजाराम बंधाऱ्यामुळे पंचगंगेचे पाणी उन्हाळ्यातही संथ राहते, तिथे मी ही १० फुटी कयाक, म्हणजे वर बसून वल्हवायची लहान होडी, २ हंगाम वापरली. मरळ ही मासळी हवा घ्यायला पृष्ठभागावर येते, पण जलपर्णीपलीकडे उठणारा तिचा बुडबुडा काठावरच्या गळाच्या टप्प्यात येत नाही. कयाकमधून मात्र वल्हे मांडीवर आडवे ठेवून, पाणी न खळबळवता, तिच्याजवळ सरकता येते, आणि माझ्या मते हेच या बोटीचे खरे मोल आहे. गळाची काठी रोवायच्या खोबणीचा स्क्रू पहिल्याच महिन्यात सैल झाला आणि विक्रेत्याने तो बदलून दिला नाही, याचे वाईट वाटले. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेल्यावर मात्र ही कयाक नदीत मुळीच उतरवू नये.