ऑनलाइन फळ्यावरचा डिझाइन स्टुडिओ: दोन सत्रांच्या वापरानंतर

सांगलीत वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षाचा डिझाइन स्टुडिओ शिकवताना गेली दोन सत्रे मी एक ऑनलाइन फळा वापरत आहे; विद्यार्थी त्यावर रेखाचित्रे लावतात आणि आम्ही त्यांवर शेरे लिहितो. त्याचे नाव देत नाही, कारण मुख्य तक्रार या प्रकारच्या बहुतेक फळ्यांना लागू पडते: त्यांवर स्केल, म्हणजे रेखाचित्राचे प्रत्यक्ष मापाशी असलेले प्रमाण, उरत नाही.

गेल्या ज्युरीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाच्या परीक्षणात, पुण्याहून जोडलेल्या परीक्षकांनी एका घराचा जिना पसंत केला. अंतिम शीट 1:50 ने प्लॉट होऊन, म्हणजे कागदावर छापून आली आणि पट्टी लावताच पायरीची (पाऊल टेकते त्या पृष्ठाची पुढून मागे) रुंदी 4 मिमी, म्हणजे प्रत्यक्षात 200 मिमी निघाली. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार निवासी इमारतीत ती किमान 250 मिमी हवी. कागदावर ही चूक सरावलेल्या डोळ्याला लगेच खुपली असती. फळ्यावर मात्र प्रत्येक जण आपापल्या सोयीने झूम करतो, त्यामुळे 1:50 आणि 1:200 मधला फरकच पुसला जातो आणि विद्यार्थ्याच्या हाताला मापाची सवय लागत नाही. वास्तुरचनेच्या शिक्षणात याहून मोठे नुकसान मला दिसत नाही.

त्या दिवशी फळा बंद करण्याचे मी ठरवले होते, परंतु जुने शेरे उतरवून घेताना मत बदलले. कृष्णाकाठच्या जागेवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे सगळे सेक्शन (इमारतीचे उभे छेद) तिथे ओळीने होते, आणि 2019 च्या महापुराच्या खुणेपाशी टाकलेल्या शेऱ्यानंतर जोत्याची पातळी कशी वाढत गेली, मग रॅम्प कसा लांबला, हे सलग वाचता येत होते. रेखाचित्रावर ठेवलेल्या अर्धपारदर्शक बटर पेपरवरची दुरुस्ती विद्यार्थ्याबरोबर घरी जाते आणि बहुधा हरवते; इथे विट्याला किंवा जतला बसलेल्या वर्गमित्रांनाही ती वाचायला मिळते. मोबाइलवर जड पीडीएफ अडकतात, ही अडचण त्या मानाने किरकोळ आहे.

आता प्रत्येक शीटवर रेषांकित मापपट्टी आणि माणसाची आकृती मी सक्तीची केली आहे, म्हणजे कितीही झूम केले तरी माप कळते. शिवाय ज्युरीआधी 1:100 चा एक ए-3 प्लॉट माझ्या टेबलावर यावाच लागतो. त्यात 42 मीटर बाय 29.7 मीटर जागा मावते, म्हणजे घराला तो पुरेसा आहे आणि ए-1 च्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो. फळ्याच्या सशुल्क योजनेची शिफारस मी केलेली नाही. शेरे जपून ठेवण्यापुरता मोफत फळा आम्हाला पुरतो, आणि वाचलेले पैसे विद्यार्थ्यांच्या प्लॉटिंगसाठी द्यावेत, असे मी विभागाला लेखी कळवले आहे.