लातूर नांदेड रोडवरचं पंप-नोझलचं दुकान : जुन्या डिझेल गाडीचं लिकेज इथं खरंच सापडतं

पाच स्टार देतोय आणि का देतोय ते जरा सविस्तर लिहितो, कारण लातुरात डिझेलचं काम करणारे लई आहेत पण लिकेज आधी शोधून मगच पाना लावणारे फार थोडे, आणि जुन्या गाडीवाल्याला नेमका तोच माणूस पाहिजे असतो.

आमची गाडी 2005 ची, साधा रोटरी पंप (नोझलला दाबानं डिझेल पाठवणारा जुन्या पद्धतीचा पंप), चार नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे), कॉमन रेलची, म्हणजे नव्या गाड्यांतल्या जास्त प्रेशरच्या पद्धतीची, भानगड नाही. वडील अजून शेताला तीच नेतात, रस्ता असो नसो, आणि इंजिन आजही ठणठणीत आहे. त्रास असा की गाडी उभी केली की पंपाखाली डिझेलचा डाग, ब्लोअर लावला की आत वास, आणि सकाळचा पहिला सेल्फ मारला की नुसती घरघर, बॅटरी बसायच्या बेताला येऊन मग पांढरा धूर काढत सुरू. दिवसा इंजिन गरम असताना मात्र एका टचला. एका गॅरेजात दाखवली तर त्यांनी बोनेट उघडलं, पंपाखाली बोट फिरवलं, बोट ओलं झालं आणि म्हणले पंप गेलाय, दुसरा टाका, वीस हजाराच्या पुढं जाईल. कुठून गळायलंय विचारलं तर "पंपातून", एवढंच.

इथले उस्ताद वयानं साठीच्या आसपास असतील. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. पोराला सांगून इंजिनची ती बाजू ब्रशनं धुवून घेतली, हवा मारून एकदम कोरडी केली, आणि मग चक्क तोंडाला लावायची टाल्कम पावडर फडक्यात बांधून नोझलपासून पंपापर्यंत सगळीकडं आपटली. सगळं पांढरं झाल्यावर गाडी सुरू केली, थोडी रेस ठेवली आणि टॉर्च मारून बघत बसले. मला म्हणले, "भैया, डिझेल जिथं दिसतंय तिथून निघत नसतंय, ते वरून उतरत उतरत तिथं येऊन बसतंय."

आणि तसंच निघालं. थोड्या वेळानं तिसऱ्या नोझलच्या रिटर्न पाईपापाशी पावडर करडी व्हायला लागली, तिथून एक बारीक ओली रेघ हेडवरून खाली, मागच्या बाजूनं पंपावर. दुसरी ओल पंपाच्या वरच, जिथं ॲक्सिलेटरची दांडी शाफ्टवर बसते तिथं गोल कडं धरून. आणि ज्यासाठी खरंच पंप उतरवावा लागला असता ते पंपाचं पुढचं सील? तिथली पावडर शेवटपर्यंत पांढरीच. माझ्या डोळ्यादेखत, फोटो काढून ठेवलाय.

रिटर्न पाईप म्हणजे नोझलमधून उरलेलं डिझेल परत टाकीकडं नेणारे कापडी वेष्टणाचे बारीक रबरी पाईप. ह्यात प्रेशर नसतंच म्हणलं तरी चालेल, पण इंजिनची गर्मी खाऊन खाऊन रबर कडक होतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. उस्तादांनी काढून बोटानं नुसता वाकवला तर आतून तडा गेलेला दिसला. त्यांनी तेवढाच तुकडा न बदलता चारही नोझलचे पाईप आणि शेवटच्या नोझलची टोपी नवीन टाकली. अगदी किरकोळ किमतीचा माल आहे, एक बदलून तीन जुने ठेवण्यात काही अर्थ नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

शाफ्टच्या कामात माणसाचा हात कळला. आधी दांडी धरून आडवी-उभी हलवून बघितली, कारण शाफ्टचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ते कडं) झिजलेलं असेल तर कितीही भारी ओरिंग (सीलची गोल रबरी कडी) टाका, महिन्यात परत गळणार. प्ले (ढिलेपणा) नव्हता, मगच सीलचं किट आणायला पोरगा पाठवला. ही दांडी दात्यांच्या शाफ्टवर बसते, एक दाता इकडं-तिकडं झाला की आयडल आणि पिकअप दोन्ही बिघडतं, म्हणून काढायच्या आधी दांडीवर आणि शाफ्टवर समोरासमोर पंचनं खूण केली. वरचं झाकण पण सरळ उपसलं नाही, आत गव्हर्नरची (इंजिनचा वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग अडकलेली असते, ती तिरपं धरून सोडवली. फुल लोडच्या (जास्तीत जास्त डिझेल किती ते ठरवणाऱ्या) स्क्रूला हात लावला नाही. पंप इंजिनवरून उतरवलाच नाही, त्यामुळं टायमिंगला (डिझेल कुठल्या क्षणी फवारायचं त्याला) धक्का नाही. निघालेली ओरिंग माझ्या हातावर ठेवली, चपटी आणि इतकी कडक की नख दाबलं तर वळ उठत नव्हता.

ही सीलं आता का गळायलीत त्याचंही कारण आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 (सरकारी प्रदूषण मानक) डिझेल मिळतंय, त्यात गंधक जास्तीत जास्त 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10), बीएस-4 ला 50 होतं आणि आमची गाडी आली त्या काळातल्या बीएस-2 ला 500. गंधक काढताना डिझेलातले ॲरोमॅटिक घटक पण कमी होतात, आणि जुनी नायट्राइल रबराची सीलं त्याच घटकांमुळं फुगून घट्ट बसलेली असायची. आता ती आकसतात, वयानं कडक झालेली असली की जागा सोडतात. म्हणून किट घेताना व्हिटॉनचं (अशा डिझेलला टिकणाऱ्या रबराचं) मागा. थोडं महाग पडतं पण इथं उस्ताद स्वतःहून तेच टाकतात.

सकाळच्या स्टार्टिंगचा ह्या गळतीशी संबंधच नव्हता, आणि हे त्यांनी वेगळं धरलं म्हणून मला ह्या दुकानाचं जास्त कौतुक. ह्या गाड्यांच्या टाकीत मोटर नसते, पंप स्वतः डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची लाईन ओढीखाली असते, तिथं बारीक फट असेल तर डिझेल बाहेर न पडता हवा आत जाते आणि रात्रभरात लाईनमधलं डिझेल मागं टाकीकडं उतरतं. खाली डाग नाही, ओल नाही, मग शोधायचं कसं? त्यांनी पंपाच्या तोंडाशी पारदर्शक पाईप जोडला, गाडी सुरू केली, तर बुडबुड्यांची माळ चाललेली. तोच पाईप फिल्टरच्या आधी जोडला तर स्वच्छ, एक बुडबुडा नाही. म्हणजे हवा फिल्टरवरच घेतेय. फिल्टरच्या डोक्यावरचा हँड प्रायमर, जो आपण दाबून दाबून एअर काढतो, त्याचंच रबर गेलेलं. तो बदलला, तांब्याची वायसरं जुनी न लावता सगळी नवी टाकली, एअर काढली आणि परत पाईप लावून दाखवला. नंतर परत पावडर मारून सगळं पांढरं राहतंय हेही दाखवलं. जुनं सामान पिशवीत घालून दिलं. सगळं मिळून साडेतीन हजाराच्या आत बिल. आता सकाळी वडील सेल्फला हात लावतात आणि गाडी सुरू.

एक गोष्ट जाता जाता त्यांनी दाखवली ती सगळ्यांनी बघून घ्यावी. गळणाऱ्या डिझेलखाली आलेला रेडिएटरचा होज दाबला तर त्या जागी तो फुगून लिबलिबीत झालेला. डिझेलनं होज खराब होतो, इंजिनचं माउंटिंग सुद्धा, आणि रस्त्यात होज फुटला तर इंजिनच जातं. शिवाय डिझेल पेटत नाही हा समज काढून टाका. आपल्याकडं डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते) किमान 35 अंश हा निकष आहे, आणि लातुरात मे महिन्यात सावलीतच पारा 40 च्या वर जातो, त्यात शेजारी तापलेला एक्झॉस्ट. घरच्यांना बसवून फिरवायच्या गाडीत वास येत असेल तर तो चालवून घेऊ नका.

कमी काय ते पण सांगतो. बसायला जागा नाही, शेडखाली ऊन लागतंच. फोन क्वचित उचलतात. बिल मागितल्याशिवाय लिहून देत नाहीत, मागितलं की देतात. पेरणीच्या आधी आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचे पंप एवढे येतात की कारवाल्याला थांबावं लागतं, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही, ज्याचं रान थांबलंय त्याचा नंबर आधी.

कॉमन रेलचं बेंच (तपासणीचं मशीन) त्यांच्याकडं नाही आणि ते स्पष्ट सांगतात, उगाच गाडी अडकवून ठेवत नाहीत. कॉमन रेलवाल्यांनी हे पावडर-पाहणीचं काम घरी करायला पण जाऊ नका. आमच्या जुन्या नोझलचं प्रेशर शंभर-दीडशे बारचं, त्या गाड्यांत हजार बारच्या वर जातं, डोळ्याला न दिसणारी धार कातडी फोडून आत शिरते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. चालू इंजिनवर लिकेज चाचपायला बोट तर कुठल्याच गाडीत लावू नका.

जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळीच लावून या, थंड इंजिनवर सकाळचा पहिला सेल्फ त्यांना स्वतः मारून बघायचा असतो. इंजिन धुवून नेऊ नका, कुठं किती चिकटलंय ते त्यांना आधी बघायचं असतं. आणि वास फक्त टाकी फुल केल्यावरच येत असेल तर तसं आधीच सांगा, मग ते बोनेट न उघडता टाकीच्या वरच्या गेज युनिटच्या (डिझेल किती आहे ते मोजणाऱ्या भागाच्या) पॅकिंगपासून सुरुवात करतात.