वरातीसाठी बेंजो पार्टी: बेळगाव-खानापूर पट्ट्यातली सेवा कशी आहे

वरातीला बेंजो पार्टी, म्हणजे ट्रॉलीवरून लाऊडस्पीकरवर बेंजोनं गाण्यांच्या चाली वाजवणारा ताफा, सांगावी का? जरूर सांगावी. फक्त मोबाईलवरचा व्हिडिओ बघून सुपारी देऊ नये. ती पार्टी दुसऱ्या कुणाच्या वरातीत रस्त्यावर वाजताना ऐकावी.

पूर्वी वाद्यावरूनच घराची ऐपत कळायची. वाड्यावर सनई-चौघडा, पैसेवाल्यांच्या दारात गणवेशातला ब्रास बँड, गरिबाच्या लग्नात हलगी-घुमकं. हलगी तर मातंग समाजाच्या गळ्यात रूढीनं बांधलेली. वाजवणारा वरातीत सगळ्यांच्या पुढं आणि पंगतीत सगळ्यांच्या मागं. बेंजोच्या मागं असं काही नव्हतं. वाद्य मुळात जपानी, तैशोगोतो; नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेलं. आपल्याकडं ते बुलबुल तरंग म्हणून आलं. ते कुठल्या जातीनं वाजवायचं हे कुणी ठरवून ठेवलेलंच नव्हतं, म्हणून ज्याचा हात बसला तो वाजवू लागला. बेळगावात टिळकवाडीतला बंगला असो की वडगावची विणकर गल्ली, आज ट्रॉली तीच आणि गाणीही तीच. शब्द नसल्यानं कन्नड सिनेमाच्या चालीवर मराठी वऱ्हाड नाचतं, कोळीगीतावर कन्नड पाहुणे. ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू.

आता तांत्रिक बाजू. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), ढोलकी, ताशा आणि एक मोठा ढोल एवढं असलं की वरात भरते. गडबड बहुतेक वेळा जनरेटरपाशी होते. बासचा ठोका पडला की व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि ऑक्टोपॅड बंद पडून पुन्हा सुरू होतो. गाणं तिथंच तुटतं. चांगल्या पार्ट्या कीबोर्ड-ऑक्टोपॅड वेगळ्या इन्व्हर्टरवर घेतात. हे सुपारी देतानाच विचारावं. सतत घूं-घूं ऐकू येत असेल तर अर्थिंग नीट नाही, किंवा बेंजोचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडून स्पीकरकडं पाठवणारा भाग, जनरेटरच्या फार जवळ आलाय. बेंजोवाला ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला आणि जनरेटर मागं, अशी मांडणी हवी.

सूर हा दुसरा नाजूक भाग. उन्हात पोलादी तारा सैल पडून सूर उतरतो, कीबोर्डचा मात्र जागचा हलत नाही. सावलीत लावून आणलेला बेंजो दुपारच्या वरातीत म्हणूनच बेसूर लागतो. ट्रॉली दारात उभी राहिल्यावर दहा मिनिटं थांबून तारा पुन्हा जुळवणारा वादक मिळाला तर सोडू नये. बेंजोच्या दाबायच्या पट्ट्या झिजल्या की झणझणतात, तेही ऐकून घ्यावं. पट्ट्यांमुळं या वाद्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जवळपास नाहीच. लावणीची लचक नखीच्या जलद आघातांवर भागवावी लागते. त्यात कच्चा असलेला वादक ठेक्यामागं लपतो. लावणीची एक चाल ताशाशिवाय वाजवायला सांगितली की कळतं.

बोली करताना माणसं किती, तास किती आणि डिझेल कुणाचं हे कागदावर घ्यावं. पोलिसांची परवानगी कोण काढणार हेही ठरवावं, कारण अनेकदा लग्नघर आणि पार्टी दोघंही एकमेकांवर विसंबून राहतात. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळं ७ ची वरात ९ ला निघाली तर पैसे पूर्ण जातात आणि वाजतं तासभरच. नवरदेवाचा घोडा वेळेवर दारात आणणं हे मात्र पार्टीच्या हातात नाही.