ओल्ड यलो मून: एका गाण्यात दोन सूर

एमिलू हॅरिस आणि रॉडनी क्रॉवेल या अमेरिकेतल्या कंट्री (तिथल्या गावाकडच्या लोकगीतांतून आलेलं संगीत) गायक-गीतकारांचा हा अल्बम नॉनसच कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये काढला. गाणी १२, निर्माता ब्रायन अहर्न. युगलगीत म्हटलं की आपल्या कानाला सवालजवाबाची सवय असते: एक ओळ त्याची, एक तिची. ती अपेक्षा धरून ऐकलंत तर पहिल्या फेरीत फारसं हाती लागणार नाही. इथे बहुतेक गाणी कोणीतरी एकजण पुढे नेतो आणि दुसरा तेच शब्द, त्याच क्षणी, वेगळ्या सुरावर गातो. मुख्य सूर षड्जावर असेल तर वरचा आवाज साधारण गंधारावर. चाल हलली की वरच्याने आपली जागा पुन्हा शोधायची, आणि तरी अक्षरं एकदम सुटायला हवीत. ओळीच्या शेवटचा 'स' किंवा 'ट' मागेपुढे झाला की तो दोनदा ऐकू येतो आणि सगळं विस्कटतं.

हे नीट कळायचं असेल तर 'हिअर वी आर' हेडफोनवर लावा. गाणं रॉडनीचं. १९७९ मध्ये एमिलूने ते कंट्री गायक जॉर्ज जोन्सबरोबर गायलं होतं. इथे ती खुद्द गीतकाराबरोबर गाते. एकदा फक्त त्याचा आवाज धरून ऐका, मग पुन्हा फक्त तिचा. तिचा भाग वेगळा काढला तरी ती स्वतंत्र चाल वाटते, नुसती साथ नाही.

'ब्लूबर्ड वाइन'ला मागचा संदर्भ आहे. रॉडनीच्या याच गाण्याने एमिलूचा १९७५ चा अल्बम 'पीसेस ऑफ द स्काय' सुरू होतो. त्याचा निर्माताही अहर्नच. त्यानंतर रॉडनी तिच्या साथीच्या वाद्यवृंदात, म्हणजे हॉट बँडमध्ये, गिटार आणि साथीचा आवाज घेऊन आला. आता ३८ वर्षांनी गाणं तो पुढे नेतो आणि साथ ती करते. जुनं आणि नवं लागोपाठ ऐकाच. त्याच बँडचा पेडल स्टील (आडवी ठेवून, पायाने पेडल दाबत वाजवायची गिटार) वादक हँक डेव्हिटो इथे गीतकार म्हणून भेटतो. पहिलं गाणं आणि शीर्षकगीत धरून तीन गाण्यांत त्याचा हात आहे.

अल्बमचा कळस म्हणजे मॅट्राका बर्गचं 'बॅक व्हेन वी वेअर ब्यूटिफुल'. एक वयस्क स्त्री आपलं तारुण्य आठवते, एवढाच विषय. एमिलू तेव्हा पासष्टीची. तिच्या आवाजात आता हवा जास्त आहे, वरचे सूर किंचित चिरकतात, आणि इथे तेच हवं होतं. हे गाणं तिशीतल्या स्वच्छ गळ्याने इतकं खरं वाटलं नसतं.

फसलंय ते मधे. पाचवं 'चेस द फीलिंग' आणि सहावं 'ब्लॅक कॅफीन', दोन्ही ब्लूजच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून आलेली शैली) अंगाची, लागोपाठ ठेवलीत. ठेका आणि गिटार पुढे आल्यावर एमिलूचा हलका आवाज दबतो. एक जरी दहाव्यानंतर ठेवलं असतं तर चाललं असतं. 'बुल रायडर' ऐकायला छान, पण ते रॉडनीचं एकट्याचंच वाटतं.

स्वागत जोरदार झालं. कंट्री, ब्लूज, लोकसंगीत अशा मुळांतून आलेल्या संगीताला 'अमेरिकाना' म्हणतात; त्याच्या २०१३ च्या पुरस्कारांत वर्षाचा अल्बम आणि वर्षाची जोडी हे दोन्ही मान मिळाले, आणि २०१४ च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अमेरिकाना अल्बमचं ग्रॅमी. 'कंट्री'चं नव्हे, हे लक्षात घ्या. त्या काळात कंट्री रेडिओवर ट्रक, बियर आणि पार्टीच्या गाण्यांची चलती होती. ज्यांनी कंट्रीतली साथीची कला जपली, त्यांना कौतुक शेजारच्या घरातून मिळालं, हे खटकतं.

नवख्याने 'इन्व्हिटेशन टू द ब्लूज'पासून सुरुवात करावी. रॉजर मिलरचं गाणं, शफलचा (डुलत, उडत्या चालीने जाणारा) सोपा ठेका, लगेच पकड येते. मग 'हिअर वी आर', मग 'ड्रीमिंग माय ड्रीम्स'. शीर्षकगीत मात्र शेवटीच, शांत वेळी ऐका. आवडलं तर याच जोडीचा २०१५ चा 'द ट्रॅव्हलिंग काइंड' आहे. त्याचा निर्माता जो हेन्री.