शिलेली, मॅजिक स्टोन की प्रोड्यूस फ्लेम? पहिला ड्रुइड करताय तर हे वाचा

डीअँडडी फाइव्ह-ई (डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका करून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती) मध्ये ड्रुइडला, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राला, पहिल्या लेव्हलला कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे मंत्र) मिळतात दोनच, त्यामुळे सगळे इथेच अडतात. माझं मत आधीच सांगते, पुढे उभं राहून मार खायची तयारी असेल तर शिलेली घ्या, नसेल तर नका घेऊ.

शिलेली म्हणजे आयर्लंडमधला लाकडी सोटा. गेममध्ये हातातला क्लब किंवा क्वार्टरस्टाफ बोनस अॅक्शनला (टर्नमधली मुख्य अॅक्शन सोडून मिळणारी छोटी जादा चाल) मंतरायचा, मग १ मिनिट म्हणजे १० राउंड तो स्ट्रेंथऐवजी विझडमवर (ड्रुइडची जादू ज्यावर चालते तो गुण) चालतो आणि डॅमेज डी८ (आठ बाजूंचा फासा) होतं. याने किती फरक पडतो बघा, स्ट्रेंथ ८ असेल तर नुसत्या क्वार्टरस्टाफला पहिल्या लेव्हलला हिट (नेम लागायच्या फाशात मिळवायचा आकडा) +१ आणि डॅमेज सरासरी २.५, तोच सोटा मंतरला आणि विझडम १६ असेल तर +५ आणि ७.५! दुसऱ्या हातात ढाल धरता येते, कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला सतत लक्ष देणं) लागत नाही, फक्त सोटा हातातून सुटला की मंत्र संपला.

एक गोष्ट मी पहिल्याच सेशनला चुकले. २०१४ च्या नियमात ज्या टर्नला बोनस अॅक्शनने स्पेल टाकता त्या टर्नला अॅक्शनने फक्त कँट्रिपच टाकता येतो, म्हणजे शिलेली आणि एंटँगल (शत्रूला वेलींनी जखडणारा मोठा मंत्र) एकत्र नाही जमत, आणि मी नेमकं तेच ठरवून बसले होते. तेव्हापासून दार उघडायच्या आधीच सोटा मंतरून ठेवते. २०२४ च्या नियमात ही अडचण नाही.

प्रोड्यूस फ्लेम, म्हणजे ज्योत फेकायचा कँट्रिप, लांबून मारता येतो, पण पहिल्या लेव्हलला सरासरी ४.५ च. पाचव्या लेव्हलला मात्र तो २डी८ म्हणजे ९ होतो आणि २०१४ ची शिलेली विझडम १८ धरूनही ८.५ वर राहते, पुढे तर मागेच पडत जाते. २०२४ मध्ये शिलेलीचा डाय पाचव्याला डी१०, अकराव्याला डी१२ होतो, म्हणून टेबलवर कुठलं पुस्तक चालतं ते डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) आधी विचारा.

मॅजिक स्टोन मला मनापासून आवडतो. एका बोनस अॅक्शनला ३ खडे मंतरायचे, हाताने किंवा गोफणीने मारायचे, प्रत्येकी १डी६ अधिक विझडम. खडे दुसऱ्यालाही देता येतात आणि त्यांनी मारले तरी विझडम तुमचंच धरतात, आमचे स्लॉट (मोठे मंत्र टाकायचे मोजके वार) संपलेले विझर्डदादा एकदा याच्यावरच लढले होते. पण ३ खडे संपले की परत बोनस अॅक्शन गेली.

आणि सर्कल ऑफ द मून (प्राण्याचं रूप घेऊन लढणाऱ्या ड्रुइडची शाखा) घेणार असाल तर शिलेली सोडूनच द्या, २०१४ च्या नियमात दुसऱ्या, २०२४ मध्ये तिसऱ्या लेव्हलपासून लढाई अस्वलाच्या रूपातच होते आणि त्या रूपात सोटा धरताच येत नाही.